केडगावचा कारभार

संपादकांनी यंदा विषय दिला तो संस्था उभ्या करणाऱ्या माणसांचा. मी पंडिता रमाबाईंचं नाव काढलं तेव्हा त्यांची पहिली शंका हीच होती, की लेख धर्मांतरावर तर जाणार नाही ना. शंका रास्त होती. मराठीत रमाबाईंवर बोलणं निघालं की दहाव्या मिनिटाला गाडी त्या रुळावर जातेच. त्या ख्रिस्ती का झाल्या, झाल्या ते बरं की वाईट, टिळकांनी काय लिहिलं, रानड्यांनी हात का काढून घेतला. सव्वाशे वर्षं हा वाद आपण चवीनं चघळतो आहोत. त्यामुळे एक साधा प्रश्न मागे पडला. पुण्यापासून साठेक किलोमीटरवरच्या एका कोरड्या माळावर, एका बाईनं, जिला त्यातच ऐकूही कमी येत होतं, दीड हजारांवर बायका-मुलींना दोन वेळा जेवू कसं घातलं?

मला तो कारभार बघायचा होता. म्हणून केडगावला गेले.

चौफुला, बेट आणि मिशन

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी हडपसर सोडते, मांजरी, लोणी, उरुळी, यवत करत खुटबावला येते. पुढचं स्टेशन केडगाव. मध्ये ऊस, ऊस आणि ऊस. गुऱ्हाळांचा हंगाम असेल तर चिमणीचा धूर आणि उकळत्या रसाचा वास डब्यात येतो. आज हा भाग बागायती दिसतो म्हणून फसायला होतं. पर्जन्यछायेतला हा पट्टा. कालव्याचं आणि विहिरीचं पाणी काढून घेतलं तर खाली काय उरतं ते इथल्या जुन्या शेतकऱ्याला विचारावं.

केडगाव मोठं गमतीचं गाव आहे. सोलापूर रस्त्यावरच्या चौफुल्याला कलाकेंद्रं आहेत, तिथे संध्याकाळी ढोलकी घुमते. बेट केडगावला नारायण महाराजांचं दत्तस्थान आहे, तिथे भक्तांची रीघ. आणि तिसरीकडे पंडिता रमाबाई मुक्ती मिशन. लावणी, दत्त आणि येशू, तिघंही एका पंचक्रोशीत सुखानं नांदतात. रिक्षावाल्याला 'मिशन' एवढंच सांगितलं तरी पुरतं.

आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवते ती जागा. शहरातल्या संस्था बघायची सवय झालेल्या डोळ्यांना हे आवार संस्थेसारखं वाटत नाही, गाव वाटतं. मोठी झाडं, दगडी चर्च, शाळा, राहायच्या इमारती, मागे शेत. हे गाव कुणी योजनेनं वसवलेलं नाही. ते दुष्काळानं वसवलं.

चौपाटी ते पुणे

रमाबाईंची पूर्वकथा बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. १८५८ चा जन्म, वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून समाजाच्या रोषाला पात्र झालेला हा माणूस कुटुंब घेऊन तीर्थं आणि पुराणं करत देशभर फिरत राहिला. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. उरलेली रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पुढे भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेरचं लग्न झालं, आणि दोन वर्षं पुरी व्हायच्या आत कॉलऱ्यानं तोही गेला. हाती तान्ही मनोरमा.

१८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला. हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि तिथे जे मागितलं ते कारभारी डोक्याचं होतं: मुलींच्या शाळांना बायका शिक्षक हव्यात, तपासनीसही बायका हव्यात आणि बायकांना डॉक्टरी शिकू द्या. स्त्रीशिक्षणाच्या थोरवीवर भाषण करणारे तेव्हा पुष्कळ होते. माणसं कुठून आणायची हा प्रश्न विचारणारे कमी.

१८८३ मध्ये इंग्लंड, वाँटेजच्या मठात बाप्तिस्मा, मग चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिक्षण आणि संस्कृतचं अध्यापन. इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. ख्रिस्ती झाल्या म्हणून रमाबाई कुणाच्या मुठीत गेल्या, असं जे आपण समजतो ते त्यांची पत्रं वाचली की टिकत नाही. मुलग्यांना शिकवू नये असं बिशप म्हणाले, तर त्यावर त्यांनी वाद घातला. मांसाहार केला नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, असं विचारलं. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या या हट्टानं हैराण होत. माझ्या मते हाच हट्ट पुढे केडगावात कामी आला.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. भाषणं दिली, 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' लिहिलं, फ्रोबेलची बालवाडीची पद्धत शिकून घेतली. बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिनं दहा वर्षं पैसे पुरवायचं कबूल केलं. त्या पैशावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीला विधवांसाठी शारदासदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं.

शारदासदनाचा नियम असा, की धर्म शिकवायचा नाही. मुलींनी आपलं सोवळंओवळं पाळावं, स्वयंपाक त्यांच्या रीतीनं व्हावा. पण रमाबाई स्वतः पहाटे मनोरमेला घेऊन प्रार्थना करत आणि खोलीचं दार उघडं ठेवत. काही मुली येऊन बसायला लागल्या. बसू नका म्हणायला रमाबाई तयार नव्हत्या, आणि बसू दिलं म्हणजे बाटवलं असं पुण्याचं मत होतं. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी पंचवीस मुली काढून नेल्या. मला विचाराल तर यात दोन्ही बाजू आपापल्या जागी सरळ होत्या. दार उघडं ठेवणाऱ्या बाईला त्याचा परिणाम कळत नसेल हे संभवत नाही. आणि विधवा बहिणीला इतरत्र दारच नव्हतं, हे दार लावा म्हणणाऱ्यांनाही कळत होतंच.

एक धागा मात्र हातचा सोडायचा नाही. शारदासदनातल्या पहिल्या विधवांपैकी एक गोदूबाई. त्याच १८९३ साली तिचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं, ती आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. कर्व्यांचा हिंगण्याचा आश्रम पुढे उभा राहिला त्यात शारदासदनात शिकलेल्या या बाईचे कष्ट आहेत. हिंगण्याचा अभिमान बाळगणाऱ्या पुण्यानं या उगमाचा उल्लेख जरा हळू आवाजात केला, इतकंच.

फळबागेचा बेत

केडगावची जमीन का घेतली, याचं उत्तर भक्तीत नाही, हिशेबात आहे. अमेरिकेची मदत दहा वर्षांची, ती १८९८ ला संपणार. पुढे काय? रमाबाईंनी बेत केला की जमीन घ्यायची, फळझाडं लावायची आणि त्या उत्पन्नावर सदन चालवायचं. जमीन मिळाली केडगावला, सुमारे शंभर एकर. फायदा एकच, रेल्वे. मुंबई-मद्रास मार्गावरचं स्टेशन हाकेच्या अंतरावर. माल जाईल, माणसं येतील.

झाडं फळायच्या आधी दुष्काळ आला. १८९६-९७ चा मध्य प्रांतातला दुष्काळ. रमाबाई स्वतः गेल्या. विशीच्या आत ज्या बाईनं आईवडील भुकेनं जाताना पाहिले, ती मदत छावण्यांत काय बघत असेल? त्यांनी लिहून ठेवलंय ते भुकेपेक्षा दलालांबद्दल जास्त आहे. दुष्काळात अन्न महाग होतं आणि पोरी स्वस्त. तिथून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या.

आणल्या त्या पुण्यात, आणि पुण्यात तेव्हा प्लेग. शहरात एवढी गर्दी ठेवायला सरकारची मनाई. मग तंबू, झोपड्या, जे मिळेल ते घेऊन हा लवाजमा केडगावच्या माळावर आला. फळबागेचा बेत बाजूला पडला आणि तिथे मुक्तीसदन झालं. याच प्लेगमध्ये, सरकारी रुग्णालयात बायकांची काय दशा होते याबद्दल रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये खरमरीत पत्र लिहिलं. ते विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गाजलं आणि गव्हर्नरांना खुलासा करावा लागला. ख्रिस्ती झाली म्हणजे सरकारधार्जिणी झाली, हे समीकरण मांडणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

१९०० मध्ये गुजरातचा दुष्काळ. पुन्हा गाड्या भरून मुली. मुक्तीत आता दीड हजारांवर माणसं, शिवाय गुरं शंभराच्या वर.

खाणारी तोंडं, राबणारे हात

उपाशी माणसाला एकदम पोटभर वाढलं तर तो दगावतो. हे पुस्तकातून शिकायची रमाबाईंना गरज नव्हती. पेज, पातळ कांजी, थोडी थोडी, दिवसातून अनेकदा. त्यातून वाचलेल्या मुलीच्या अंगावर खरूज, डोक्यात उवा, तोंड आलेलं. केस कापायचे, अंघोळ घालायची, कपडा द्यायचा. आणि ही मुलगी रात्री भाकरी उशाखाली लपवून ठेवते का, याच्यावर लक्ष ठेवायचं. उपाशी राहिलेलं कुठलंही मूल तेच करतं. तीनशे वेळा, मग हजार वेळा. हे कुणी करायचं? पगारी माणसं ठेवायला पैसे नाहीत. म्हणून आधी आलेल्या मुलींनी नंतर आलेल्यांचं करायचं. शारदासदनाच्या जुन्या विद्यार्थिनी शिक्षिका झाल्या, मेट्रन झाल्या. त्यांच्या हाताखाली मध्य प्रांतातल्या मुली, त्यांच्या हाताखाली गुजरातच्या. या एका युक्तीवर केडगावचा सगळा डोलारा उभा होता.

पाण्यासाठी विहिरी खणल्या. मग कामं वाटली. शेत, दूधदुभतं, विणकाम, शिवण, भरतकाम, धुणं, भांड्यांना कल्हई, तेलाचा घाणा, छापखाना. या यादीतल्या एकेका कामाकडे नीट बघा. घाण्याचं तेल स्वयंपाकघरात जातं, पेंड गुरांना जाते, गुरांचं शेण शेतात जातं, शेतातलं परत स्वयंपाकघरात येतं. मागाचं कापड अंगावर येतं. दीड हजार माणसांच्या स्वयंपाकाची तांब्या-पितळेची भांडी कल्हईवाल्याकडे पाठवायची म्हटलं तर बिलानं जीव जाईल. म्हणून बायकाच कल्हई लावणार. कल्हई लावणारी बाई तेव्हा पुण्याच्या बाजारात शोधून सापडली नसती. पुरुषाचं काम, बाईचं काम हा भेद मुक्तीनं भाषण न करता मोडला. गरज होती म्हणून मोडला.

सगळ्यांना एका मापानं मोजलं नाही, हा दुसरा गुण. दुष्काळात ज्यांच्यावर अत्याचार झाले, ज्यांना विकलं गेलं, त्यांच्यासाठी वेगळं कृपासदन. म्हाताऱ्या आणि दुबळ्यांसाठी प्रीतिसदन. मुलग्यांसाठी सदानंद सदन. अंध मुलींसाठी बार्तीमी सदन, बायबलमधल्या आंधळ्या बार्तीमयाच्या नावानं. मनोरमाबाईंनी ब्रेल शिकून घेतली आणि या मुलींना शिकवली. अंध मुलीला भीक किंवा आश्रितपण, याखेरीज तिसरं काही असू शकतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

कारभाराची ही बाजू मी वाचत गेले तसं माझं एक मत पक्कं झालं. रमाबाईंना आपण विदुषी म्हणतो, सुधारक म्हणतो, विरोधक बाटगी म्हणत. व्यवस्थापक कुणी म्हणत नाही. बाईच्या हातून एवढा मोठा व्याप चालला की आपण त्याला 'सेवा' म्हणतो आणि हिशेबाची वही मिटून ठेवतो. पुरुषानं चालवला असता तर त्याला कर्तबगारी म्हटलं असतं.

खिळे

केडगावात मला सर्वांत ओढ होती ती छापखान्याच्या कथेची. खिळ्यांचे छापखाने मी त्यांच्या शेवटच्या दिवसांत पाहिले आहेत, त्यामुळे ते काम काय असतं याची कल्पना आहे. खिळे ठेवायच्या इंग्रजी पेटीपेक्षा, म्हणजे केसपेक्षा, देवनागरीच्या केसला कितीतरी जास्त घरं. अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या, रफार. कंपोझिटर डाव्या हातात स्टिक धरतो आणि उजव्या हातानं न बघता एकेक खिळा उचलून लावतो. अक्षर खिळ्यावर उलटं असतं. ओळ भरली की गॅलीत, मग प्रूफ, मग दुरुस्ती; छापून झाल्यावर प्रत्येक खिळा परत आपल्या घरात टाकायचा. एक खिळा चुकीच्या घरात पडला की पुढच्या पानावर 'देव'चा 'देह' झालाच म्हणून समजा.

हे काम मुक्तीत बायका-मुली करत. त्यातल्या कित्येकींना दोन-चार वर्षांपूर्वी अक्षर ओळखता येत नव्हतं. त्यांनी जे छापलं ते साधंसुधं नव्हतं. रमाबाईंनी संपूर्ण बायबल मराठीत आणायचं मनावर घेतलं होतं, तेही इंग्रजीवरून नाही, मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून. त्यासाठी उतारवयात त्या दोन भाषा शिकल्या. आधीची मराठी भाषांतरं होती, पण त्यांची मराठी संस्कृतनं जड झालेली. मुक्तीतल्या बायकांना ती कळत नसे. गंमत बघा, जिला पंडितांनी 'सरस्वती' म्हटलं, तीच बाई पानोपानी संस्कृत शब्द उपसून बाहेर काढत बसली होती. स्वयंपाकघरातल्या बाईला ऐकून कळेल अशी मराठी तिला हवी होती.

हे काम दीड तपाच्या आसपास चाललं. हस्तलिखित रमाबाईंचं, जुळणी मुलींची, प्रुफं पुन्हा रमाबाईंकडे. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली, वय अवघं चाळीस. आईच्या नंतर सगळं तिच्याकडे जायचं होतं. रमाबाई प्रुफं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. शेवटचं प्रूफ हातावेगळं करूनच त्यांनी डोळे मिटले, असं मिशनमध्ये परंपरेनं सांगतात. पुस्तक १९२४ मध्ये बाहेर पडलं.

साहित्याच्या दृष्टीनं हे भाषांतर सरस आहे असा माझा दावा नाही. ते शब्दाला शब्द चिकटून चालतं आणि काही ठिकाणी अडखळतं. पण छपाईच्या इतिहासात त्याला जागा हवी. अनुवाद बाईचा, जुळणी बायकांची, छापखाना बायकांचा. मराठी मुद्रणाचा इतिहास सांगताना आपण गणपत कृष्णाजींपासून निर्णयसागरापर्यंत येतो, आणि केडगावला गाडी थांबतच नाही.

पैसा कुठून येई

१८९८ मध्ये दहा वर्षांचा करार संपला तेव्हा रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या. असोसिएशन नव्या रूपात चालू राहिली, पण केडगावचा पसारा तिच्या आवाक्याबाहेरचा होता. रमाबाईंवर इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचा प्रभाव होता. या गृहस्थानं, वर्गणी मागायची नाही, कर्ज काढायचं नाही, प्रार्थना करायची आणि देव देईल त्यावर चालवायचं, या तत्त्वावर मोठी अनाथालयं चालवली. मुक्ती त्याच वाटेनं गेली. अर्थात देव टपालातून देतो, हे रमाबाई जाणून होत्या. 'मुक्ती प्रेअर बेल' नावाचं पत्रक निघे, त्यात काय झालं, किती मुली आल्या, विहिरीला पाणी लागलं का, हे कळवलं जाई. ते परदेशी वाचकांकडे पोचे आणि मनीऑर्डरी येत. त्यावर विश्वासानं शेकडो जणींचं घर चालवायला छाती लागते.

या पैशाला किंमतही होती. शारदासदनातलं तटस्थपण मुक्तीत उरलं नाही. हे उघड ख्रिस्ती गाव होतं. १९०५ मध्ये तिथे जी धार्मिक जागृतीची लाट आली तिची ख्याती जगभरच्या चर्चमध्ये झाली. रात्रंदिवस प्रार्थना, रडणं, अंगात आल्यासारखं बोलणं. दुष्काळातून आलेल्या, सर्वस्वी परावलंबी मुलींनी धर्म स्वीकारला त्यात निवड किती आणि कृतज्ञता किती, हा प्रश्न विचारायला हवा. मी तो विचारते. पण त्याच वेळी मागे राहिलेल्यांचं काय झालं, हेही विचारते. ज्या गावांतून त्या मुली आल्या, तिथल्या देवळांनी आणि सावकारांनी त्यांना काय दिलं होतं?

मनोरमा आधीच गेल्यामुळे कारभार पुढे परदेशी मिशनरी बायकांकडे गेला. रमाबाईंची धारदार, कुणाचं न ऐकणारी मराठी बुद्धी त्या कारभारात नंतर दिसत नाही, असं मला वाटतं. संस्था मात्र बंद पडली नाही. आजही चालू आहे. टपाल खात्यानं १९८९ मध्ये रमाबाईंच्या नावाचं तिकीट काढलं.

त्या दीड हजार

परत येताना डोक्यात रमाबाई कमी आणि त्या दीड हजार जास्त होत्या. रमाबाईंची पत्रं आहेत, पुस्तकं आहेत, चरित्रं आहेत. घाण्यावर, मागावर, केसपुढे उभ्या राहिलेल्या बायकांचं असं काही नाही. बहुतेकींना आडनावही नव्हतं, गाव आठवत नव्हतं, वय अंदाजानं लिहिलेलं. पुढे त्यांच्यातल्या कुणी शिक्षिका झाल्या, कुणी परिचारिका, कुणी बायबल सांगत खेडोपाडी हिंडल्या, कित्येकींची लग्नं झाली. पुण्या-नगरकडच्या, सोलापूर-मराठवाड्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांत 'आमची पणजी मुक्तीतली' असं सहज सांगणारी माणसं भेटतात. पणजीचं माहेर कुठलं, असं विचारलं की उत्तर असतं केडगाव. त्याच्या मागे जात नाही.

हा अंक अशा एखाद्या घरात वाचला जात असेल तर एक काम करा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि त्या पणजीबद्दल जे आठवतं ते वहीत उतरवून घ्या: नाव काय होतं, कोणत्या दुष्काळात आली, मूळ भाषा कोणती बोलायची, मुक्तीत कुठल्या कामाला होती, जेवताना ताटात काही टाकू द्यायची का. जुना फोटो असेल तर मागे नाव लिहा. सांगणारं माणूस आहे तोवरच हे होईल.